दोन तासांपुरतं उघडलेलं दार

देवपूरला कॉलेजच्या रस्त्यावर, स्टेशनरीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. तेव्हा आम्ही आठ जण होतो, आता पाच आहोत. तीन माणसं का कमी झाली हे मला कोणी विचारत नाही, आणि न विचारणाऱ्यांचाच मला जास्त राग येतो.

आमचं मोठं काम एकच होतं, रावेरकडच्या एका केळीच्या पॅकहाऊसचं. शेतातून आलेली केळी तिथे धुऊन, वजन करून पेटीत भरतात आणि पेटीवर एक चिठ्ठी चिकटवतात. कुठल्या शेतातली, कधी कापली, काय फवारलं होतं, सगळं त्या चिठ्ठीवर. ही माहिती आमच्या सर्व्हरवर असायची, म्हणजे क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर. ती यंत्रं सांभाळणं माझं काम. केळी आखातात जायची, आणि तिकडच्या खरेदीदाराने एक दिवस कळवलं की तुमचे सर्व्हर सुरक्षेच्या नियमांत बसतात का ते हंगामाआधी तपासलं जाईल. नापास झाले, तर पॅकहाऊसने दुसरा सॉफ्टवेअरवाला बघावा.

नवा सर्व्हर घेतला की त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम भलतीच मोकळीढाकळी असते. नको त्या सेवा चालू, नको ती दारं उघडी. मी ती हाताने एकेक करून बंद करायचे. त्यासाठी एक दोनशेपानी वही केली होती. एका सर्व्हरला दोन दिवस लागायचे. तेवढ्यात कोणी हाक मारली, चहा आला, लाईट गेली की दोन ओळी निसटायच्या. चार सर्व्हर होते आणि चारही चार तऱ्हेचे झाले होते. आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, मागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "बठ्ठं बंद शे ना?" मी हो, सगळं बंद आहे म्हणायचे, पण मनात खात्री नसायची.

म्हणून मी विकत मिळणाऱ्या तयार इमेजच्या मागे लागले. म्हणजे अशी ऑपरेटिंग सिस्टीम, की जिची दारंखिडक्या जाणकारांनी ठरवलेल्या यादीप्रमाणे आधीच बंद करून दिलेली असतात. सर्व्हर तिच्यावरूनच सुरू करायचा, की तो जन्मतःच शहाणा. भाऊंना ते पटेना. "फुकट मिळतं ते इकत कसाले? तू शे ना आठे!" मी इथे आहे, हाच तर धोका होता. पण हे मला तेव्हा कळलं नव्हतं, मी नुसती भांडत होते. दर आठवड्याला तोच विषय, तेच उत्तर. शेवटी तपासणीचं पत्र आलं आणि भाऊ नमले.

चारही सर्व्हर नव्या इमेजवरून उभे केले. पासवर्डने आत जायचं दार त्यात मुळातच बंद होतं. आत जायचं तर किल्ली हवी, म्हणजे ठरलेल्या यंत्रातच ठेवलेली एक फाइल. पॅकहाऊसच्या संगणकात तशी किल्ली मी स्वतः जाऊन बसवली. ऑफिसात नियम केला की चालू सर्व्हरला हात लावायचा नाही. काही बदलायचं असेल तर इमेजमध्ये बदलायचं आणि नवा सर्व्हर काढायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने एकदा चाचणीसाठी एक छोटं दार उघडलं, तर मी त्याला सगळ्यांसमोर इतकं झाडलं की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मग पहूरला मामेबहिणीच्या मुलीची हळद होती. मांडवात मुलीला हळद लावत होते, तेवढ्यात पॅकहाऊसच्या नानांचा फोन आला. नाना म्हणजे तिथले म्हातारे व्यवस्थापक, मनाने सोनं.

"ताई, गाडी दारात उभी हाये. बठ्ठ्या पेट्या भरल्या, पन चिठ्ठ्याच निघत नाहीत!"

झालं असं होतं, की त्यांचा संगणक सकाळी बंद पडला होता. आमच्याकडे अशा वेळी माणूस दुकानात जात नाही, शेजारी जातो. फवारणीचा पंप असो, पाहुण्यांसाठी गाद्या असोत, शेजाऱ्याचं ते आपलंच. नानांनी शेजारच्या पॅकहाऊसमधून संगणक मागून आणला होता. तो चांगला चालत होता. फक्त किल्ली त्याच्यात नव्हती. जिने किल्ली बसवायची, ती पहूरच्या मांडवात पिवळे हात घेऊन उभी होती.

"कुलूप लावलं ते चांगलंच केलं," नाना म्हणाले, "पन किल्ली त आमाले दे! केळी का थांबते का ताई?"

केळी थांबत नाही हे मला सांगायला नको होतं. माझ्या माहेरीही केळीच आहे. मी आत जाऊन खाटेवर लॅपटॉप उघडला, फोनचं नेट जोडलं आणि पासवर्डचं दार उघडून दिलं. फक्त दोन तासांसाठी, गाडी निघेपर्यंत. एंटरच्या बटणावर हळदीचा डाग पडला. नानांनी फोनवरच तोंडभर आशीर्वाद दिले. मग जेवणाची पंगत बसली, आणि वांग्याच्या भाजीबरोबर ते दोन तास मी विसरून गेले.

त्यावर पहारा नव्हता असंही नाही. दर सोमवारी एक अहवाल आपोआप माझ्या मेलवर यायचा, कुठलं दार नियमापेक्षा वेगळं आहे ते दाखवणारा. पहिले कित्येक सोमवार तो सगळा हिरवा आला. मग मी तो उघडायचं सोडून दिलं. तयार इमेज आहे, बिघडणार काय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तपासणी ऑनलाइन झाली. तपासणाऱ्या बाई पुण्याहून बोलत होत्या, आवाज अगदी मऊ. तीन सर्व्हर झटपट पार पडले. भाऊंनी खाली समोसे सांगून ठेवले होते. चौथ्यावर पडद्यावर एक लाल ओळ आली. पासवर्डने प्रवेश चालू होता. बाईंनी त्याच मऊ आवाजात विचारलं की हे कधीपासून आहे. नोंद काढली. इतक्या दिवसांत कोण कुठले दारावर पासवर्ड चाचपून गेले होते. आत कोणी शिरलं नव्हतं, पण तपासणीला त्याचं काय? दार उघडं ते उघडंच.

कॉल संपल्यावर भाऊ उभे राहिले. "मंग उघाडं कोनी?"

शेजारच्या सहकाऱ्याने नुसतं पंख्याकडे पाहिलं. नोंदीत माझंच खातं होतं, हळदीच्या दिवसाची तारीख होती, आणि बटणावर डाग अजून होता. "मी," मी म्हणाले. भाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "समोसा खाई ले," आणि आत निघून गेले.

खरेदीदाराने दुसरी संधी दिली नाही. पॅकहाऊसचं काम पुण्याच्या एका कंपनीकडे गेलं. तीन जणांना ऑफिस सोडावं लागलं, आणि त्यात तो सहकारीही होता. जाताना त्याने माझी दोनशेपानी वही मागितली. मी दिली. आता ती कुणाच्या काही उपयोगाची नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी मला माझीच जेवढी चीड आली, तेवढी आजवर कुणाचीच आलेली नाही.

हंगाम ऐन भरात असताना नानांचा फोन आला. मला वाटलं, ख्यालीखुशाली विचारायला केला असेल.

"ताई, संगणक पुन्हा बंद पडला. शेजारून आनला. पुन्यावाल्याहीले सांगतो, जरासं उघडून द्या, त ते म्हनतात नियमात बसत नाही. उद्या मानूस पाठवतो म्हनतात. गाडी सकाळपासून उभी हाये, केळी पिवळी पडून राह्यली."

पुण्याच्या कंपनीचं बरोबर होतं. मीही तशीच इमेज आणली होती, तोच नियम केला होता, आणि त्यांनी तो पाळला होता.

"तू असती त उघडून दिलं असतं ना वं?" नानांनी विचारलं.

"हो नाना," मी म्हणाले. "उघडून दिलं असतं. म्हणून तर मी नाही."