टायस्टीची घंटा

एर्टी पॉटिंजर हा स्कॉटलंडच्या उत्तरेला, आमच्या शेटलंड बेटांवरच्या बंदरातला पाणबुडा. खोल पाण्यात श्वासासाठी लागणारा हेलियम मिसळलेला वायू टाक्यांत भरून देणं हा त्याचा धंदा. माणूस तापट, पण टाकी भरताना कधी घाई केली नाही.

गेल्या जूनमध्ये दक्षिणेकडून आलेल्या टोळीतला एक हौशी पाणबुडा धक्क्यावर पितळी घंटा धरून फोटो काढून घेत होता. घंटेवर नाव होतं ‘टायस्टी’. ही मासेमारीची होडी चौतीस वर्षांपूर्वी पाच माणसांसकट बुडालेली. चौऱ्याऐंशी मीटर खाली.

“ठेव ती खाली,” एर्टी म्हणाला.

“अहो, नुसती गंजत पडली होती.”

“पितळ गंजत नाही, अडाण्या! पाच माणसं आहेत तिथे. थडग्यावरून चोरी करतोस, आणि वर दात काढतोस?”

त्याने घंटा हिसकावून घेतली. त्या टोळीला पुन्हा वायू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घंटा घेऊन पाण्यात उतरला. एकट्याने इतकं खोल जाऊ नये, हे तोच सगळ्यांना बजावायचा. वर त्याची होडी मी सांभाळत होतो. मी अडवलं, तर शिवी खाल्ली. घंटा त्याने सुकाणूच्या खोलीत परत ठेवली. मग अंगात मुरलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून थांबे घेत वर यायला जवळजवळ दोन तास. पाणी सात अंशांचं. रागात श्वास भराभर चालतो, आणि तिथे तर तो जपून घ्यावा लागतो. वर आला तेव्हा ओठ निळे आणि टाक्या जवळपास रिकाम्या.

तसाच तो बाबीमावशीकडे गेला. टायस्टी चालवणारा तांडेल, त्या पाचांतलाच एक, तिचा नवरा.

“मावशी, घंटा जागच्या जागी ठेवली बघ.”

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

“मला विचारलंस?”

“मला वाटलं...”

“तुला वाटलं! दर रविवारी तो ती घासायचा. चौतीस वर्षांत त्याची एक वस्तू हाताशी आली नाही. आली, तर तू परत बुडवलीस!”

“उद्या आणतो वर.”

“खबरदार! आणि तूही खाली राहिलास म्हणजे? चालता हो.”

दार धाडकन लागलं.

 आठवड्याने एकदा टाकी भरता भरता एर्टी मला म्हणाला, “चुकलं माझंच. पण त्या फोटोवाल्या हरामखोराचं थोबाड फोडायला हवं होतं.”