आधी कुस्ती होऊ दे

महेशचा फोन आला तेव्हा मी बँकेत जायला निघाले होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. "आत्या, पप्पा वारले," एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच चालू राहिला. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. भाताची झोडणी आटोपली होती, दादा सकाळी नेहमीसारखा खाचरावर चक्कर मारायला गेला, बांधावर बसला आणि उठलाच नाही. ना दवाखाना, ना दुखणं. सोपानदादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कोथरूडपासून मुळशीतल्या आमच्या गावाला, रिह्याला पोचेपर्यंत मला एकदाही रडू आलं नाही. भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, तेव्हा तर मी समोरच्या टेम्पोवाल्याशी भांडले. दारात पोचले, पायरीवर त्याच्या चपला दिसल्या आणि मग मात्र जे काही व्हायचं ते झालं...

दिवस घातले, पाहुणे पांगले आणि महिनाभरात महेशचा दुसरा फोन आला. हा दादाचा एकुलता एक मुलगा, घोटावड्याच्या बाजूला एका कंपनीत असतो. म्हणाला, "आत्या, आई जेवत न्हाई. भाकरी करती, मला वाढती. तू जेव म्हटलं की म्हणती, 'जेवीन मागनं.' मी ड्यूटीला गेलो की ताट तसंच झाकून ठेवती." ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही, भीती वाटली. वहिनी आयुष्यात कधी दादाच्या आधी जेवलेली नाही. मी तिला यावरून खूप चिडवलंय. "वहिनी, तुमच्यासारख्या बायका आता फक्त कॅलेंडरवर उरल्यात," असंही म्हणालेय. दादाने तिला कितीदा सांगितलं, पण ती हसायची आणि त्याची वाट बघत बसायची. आता ज्याची वाट बघायची तोच यायचा नव्हता, आणि तिचं जेवण तिथेच अडलं होतं.

दादाची ओळख करून द्यायची तर त्याला मोठं काही म्हणता येणार नाही. तो शेतकरी होता, थोडी जमीन विकलेला आणि उरलेल्या जमिनीत हट्टाने इंद्रायणी भात लावणारा. तरुणपणी कुस्ती केली, ती बेताचीच. पण आमच्या भागात कुस्तीचा विषय निघाला की त्याचं नाव निघायचंच, ते एका वेगळ्याच कारणाने. यात्रेला आखाडा भरला की बाहेरगावचे पैलवान येतात. त्यांनी हॉटेलात जेवायचं नसतं, गावाने त्यांना घरोघर वाटून घ्यायचं असतं. हे वाटप दादा करायचा. आखाड्याच्या कडेला उभा राहून ओरडायचा, "हे दोघं वरच्या आळीला! ही जोडी सरपंचाकडं!" जिंकलेल्या पैलवानासाठी तर ओढाओढ असायची. फेटा बांधलेला गडी आपल्या ओसरीवर जेवला याचं लोकांना भारी कौतुक. आणि हरलेले? ते कपड्यांची पिशवी घेऊन एसटीची चौकशी करत असायचे. दादा त्या सगळ्यांना आमच्या घरी घेऊन यायचा.

वहिनीला हे ठाऊक असायचं. सकाळीच ती चुलीवर पाण्याचा हंडा ठेवायची. पाठीला माती लागलेली पोरं अंगणात शिरली की आधी त्यांना मागच्या मोरीकडे पाठवायची, म्हणजे पंगतीला बसताना कुणाच्या पाठीची माती कुणाला दिसू नये. जेवताना कुस्तीचं नाव काढायचं नाही, हा दादाचा नियम होता. "खा, लाजू नको," असंही तो कुणाला म्हणायचा नाही. स्वतः मुकाट्याने भाकरी चुरायचा, रस्सा ओतायचा आणि ओरपायला लागायचा. जेवता जेवता खाचरातल्या खेकड्यांचं, नाही तर रस्त्याच्या रखडलेल्या कामाचं काहीतरी बोलत राहायचा. समोरचा पोरगा आधी नुसता बसलेला असे. मग कधीतरी त्याचा हात ताटाकडे जायचा. मी एकदा विचारलं होतं, "दादा, तुला हेच लोक कसे आवडतात रे?" तर म्हणाला, "जिंकल्याला कोन बी वाढतंय." आणि उठून बैलाला पेंढा टाकायला गेला. तत्त्वज्ञान वगैरे त्याला माझ्याशी बोलायचं नसायचं. धाकट्या बहिणीशी कोण बोलतं?

पुण्यात राज्याच्या कुस्त्या असल्या की मुळशीतली अर्धी तरुण पोरं शहरात उतरतात. मग प्रश्न यायचा जेवणाचा. शहरात कुणी कुणाला घरोघर वाटून घेत नाही. म्हणून सगळे दादाला फोन करायचे, "सोपाननाना, पुण्यात जेवायचं कुटं?" आणि दादाचं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी कुस्ती होऊ दे. मग सांगतो." कारण त्याच्या हिशेबाने दोन वेगळी जेवणं असायची. कुस्ती मारली तर त्या मोठ्या, रांगा लागणाऱ्या, भिंतीवर फोटो टांगलेल्या मटणवाल्याकडे जायचं. तिथे ओरडा, गुलाल उधळा, वेटरबरोबर सेल्फी काढा, सगळं चालतं. कुस्ती गेली तर पेठेतल्या एका बोळात, जिना चढून एका मावशींच्या खानावळीत. तिथे टीव्ही नाही. टेबलं भिंतीला लावलेली, म्हणजे तोंड भिंतीकडे करून बसता येतं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मावशी बोलत नाहीत. ताटात भाकरी संपली की दुसरी येते, एवढंच. शहरातल्या कितीतरी खानावळी दादाने याच एका कसोटीवर नापास केल्या होत्या. एका नावाजलेल्या ठिकाणाबद्दल तो म्हणाला होता, "जेवण चांगलं हाय, पर मालक लई चौकशा करतोय. हरलेल्या मानसाला हितं घास गिळायचा न्हाई."

तो स्वतः स्पर्धेचे सगळे दिवस सकाळच्या गाडीने पुण्यात यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. माझ्या घरी राहा म्हटलं तर म्हणायचा, "तुझी वैनी वाट बघती." गादीवरच्या कुस्त्यांवर त्याचा एकच आक्षेप होता, तो म्हणजे गादीवर पाठीला माती लागत नाही. हरलेला ओळखायचा कसा? पण तो ओळखायचा. बूट सोडायला ज्याला फार वेळ लागतो, तो हरलेला. दादा त्याच्या शेजारी जाऊन बसायचा. ओळख ना पाळख. कुणी कोल्हापूरचा, कुणी लातूरचा. "मला भूक लागलीया, येतो का संगं?" एवढंच विचारायचा. तुम्हा-आम्हाला असं कुणी विचारलं तर आपण पाकीट चाचपून बघू. पण ती पोरं जायची त्याच्याबरोबर.

माझी मुलगी गौरी कुस्ती खेळायला लागली ती मामामुळेच. आणि शहरातल्या त्या मोठ्या स्पर्धेत, घरच्या सगळ्यांसमोर, पहिल्याच फेरीत चितपट झाली. वजन उतरवायला बिचारी दोन दिवस धड जेवली नव्हती. मी तिच्यामागे धावले आणि आयांनी जे जे बोलायचं असतं ते सगळं बोलले. पुढच्या वेळी बघ, पंचांचंही चुकलंच, जाऊ दे, तू आमच्यासाठी जिंकलेलीच आहेस. ती भिंतीला टेकून उभी होती आणि म्हणाली, "आई, मी सोडली कुस्ती. आता तरी गप्प बस." तेवढ्यात दादा आला. त्याने तिची बॅग उचलली. "चल गौरे. भूक लागलीया मला."

त्या दिवशी मी ती खानावळ पहिल्यांदा पाहिली. मी त्यांच्याच टेबलाशी बसायला लागले तर दादाने मला सरळ उठवलं. "तू तिकडं बस जा. आई म्होरं असली की पोरीला हरल्यावानी वाटतंय." भर खानावळीत! माझे कान लाल झाले, पण मी मुकाट्याने पलीकडच्या टेबलाशी बसले. दादा जेवत होता. अगदी मनापासून, बोटं चाटत जेवत होता. शेजाऱ्याच्या कुत्र्याने वहिनीची चप्पल कशी पळवली ते सांगत होता. गौरीची पाठ माझ्याकडे होती. कितीतरी वेळ ती पाठ हललीच नाही. मग कोपर हललं... आणि मी माझ्या ताटात बघायला लागले, कारण मला बघवेना. बऱ्याच वेळाने गौरीचा आवाज ऐकू आला, "मामा, माझा डावा पाय मागंच राहिला." दादा म्हणाला, "व्हय? भात घे." पुढच्या सोमवारी ती तालमीत गेली. मी काही विचारलं नाही. तेवढं शहाणपण मला आलं होतं.

आता दादा नाही आणि यंदाही कुस्त्यांचे दिवस आले. त्याचा फोन महेशने बंद केला नव्हता. ज्यांना कळलं नव्हतं त्यांचे फोन यायला लागले, "नाना, जेवायचं कुटं?" महेश प्रत्येकाला सांगत बसायचा. मी वहिनीला भेटायला गेले होते, तेव्हाही असाच एक फोन आला. वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. गळ्याची हाडं दिसायला लागली होती तिची. मी आदल्या दिवसापासून माझ्या परीने सगळे उपाय करून बघितले होते. दादासारखं न बोलता तिच्यासमोर जेवूनही बघितलं. ती मला वाढत राहिली, तेवढंच. फोन ठेवला गेला तशी ती म्हणाली, "वन्सं, ह्या सगळ्या दुनियेला ठावं हाय तुमचा दादा कुटं जेवायला न्यायचा. म्या कधी बघितलं न्हाई. मला न्या तितं."

शेजारची चुलती लगेच म्हणाली, इतक्यात बाहेर खायला जाणं बरं दिसतं का! वहिनी पदर खोचत म्हणाली, "म्या काय शिनेमाला चालली न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत घालून नेलं. वाटेत ती बाहेर बघत होती. एकदाच बोलली, तेही जणू माझी समजूत काढायला. "मला काय भूक न्हाई बरं का. नुस्तं बघायचंय. पुन्याचं जेवान त्यांच्या घशाखाली उतरायचंच न्हाई. त्या पोरांना खाऊ घालायचे आन आपुन उपाशी यायचे घरला. आल्या आल्या म्हणायचे, 'वाढ, पोटात कावळं वरडत्यात.' मग आमी दोघं संगंच बसायचो." मी गियर बदलला. मी दादाला त्या खानावळीत जेवताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

जिना चढताना वहिनी कठड्याला धरून सावकाश चढली. आम्ही भिंतीकडच्या टेबलाशी बसलो. वहिनीने अजून मटण-मासे सुरू केले नव्हते, म्हणून मटकीची आमटी आणि भाकरी सांगितली. मावशींनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि न बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या बाई बोलल्या, "तुम्ही रिह्याच्या नानांच्या घरच्या का हो? कळलं मला... बसा. त्यांचीच जागा आहे ही. तीन भाकऱ्या आणि वर भात, त्याशिवाय उठायचे नाहीत कधी. असं आवडीने जेवणारं माणूस पाहिलं नाही."

वहिनीचा हात ताटावर तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. "हितं जेवायचे?"

"हो, वहिनी."

"पोटभर?"

मी मान हलवली. मला वाटलं आता हिला धरून खाली न्यावं लागणार. ती भिंतीकडे बघत बसली. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती हसतेय हे कळायला मला वेळच लागला. "आन म्या मेली... पोट सुटलं म्हणून त्यांच्या नावानं वरडत हुते! कमी जेवा, कमी जेवा करत हुते!" पदराने तोंड पुसून तिने भाकरी मोडली. एक घास, दुसरा घास. सावकाश, पण जेवली. दुसरी भाकरी अर्धी टाकली नाही. आमटीत गूळ जास्त झालाय असंही मला हळूच सांगितलं. मी दादाला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लबाडा, एवढी वर्षं दोन-दोनदा जेवलास आणि मला, सख्ख्या बहिणीला, पत्ता लागू दिला नाहीस!

रिह्याला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. महेश ड्यूटीवरून येऊन ओसरीवर बसला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. घरात चूल थंड होती, पण सकाळची भाकरी शिंक्यावर होती आणि कालवणही होतं. "तू जेवला न्हाईस व्हय?" वहिनीने विचारलं. तो म्हणाला, "एकट्याला न्हाई जात. तू जेवलीस का तिकडं?"

मी तोंड उघडलं होतं. वहिनी पायरीवर पाय धूत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

"कुटलं! त्या पुन्याचं जेवान घशाखाली उतरतंय का कुनाच्या? उपाशीच हाय म्या," ती म्हणाली. "ऊठ, दोन ताटं घे."