उजवा खांदा

अकरा वर्षांत तिने कारखान्यात एकही सबंध कपडा शिवला नव्हता. टी-शर्टला उजवी बाही लावायची, पुढे सरकवायचा, दुसरा घ्यायचा. म्हणून तिचं नाव पडलं उजवी. समोरच्या मशिनवरची डावी बाही लावायची, ती डावी. दोघींच्या हातांखालून दिवसाला नऊशे टी-शर्ट जायचे, आणि त्यांतला एखादा पुरा झाल्यावर दिसतो कसा, हे बघायला मान वर करायची सोय नव्हती. ओळीच्या टोकाला मुकादम उभा असायचा, घड्याळात डोळे घालून. बायका त्याला आपसांत काटा म्हणत. तोंडावर साहेब.

काट्याशी उजवीचं भांडण जुनं होतं. प्रत्येक मशिनच्या उजवीकडे खाली जमिनीवर टोपली. तिच्यातून बाही उचलायला दर खेपेला उजव्या अंगाला झुकायचं. "टोपलीखाली एक स्टूल द्या," एवढंच तिचं मागणं. सहा वर्षं मागत होती. सहा वर्षं एकच उत्तर: "वाट अडते."

त्या आठवड्यात नमुना-खोलीतली जागा रिकामी झाली. नव्या कपड्याचा पहिला नग तिथे सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच हाताने शिवला जायचा. उंच टेबल, खिडकी, उभं राहून काम. उजवीने तिथे जायचा ध्यास घेतला होता. आधीचे तीन अर्ज केराच्या टोपलीत गेले होते. चौथ्याला तिथल्या मास्तरांनी तिच्या हातात होजिअरीचं कापड आणि कागदाचा नमुना ठेवला.

"टॉप शिवून आण. मधलं माप आहे, तुझंच. नीट बसला तर जागा तुझी."

"मग इथेच शिवते, मास्तर. मशिन आहेच."

"कामाच्या वेळात परीक्षा?" काटा मधेच म्हणाला. "घरी शिवा आणि सोमवारी दाखवा. नाहीतर बाही आहेच की."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नमुना-खोलीसाठी तिने ती गिळली.

घरी मशिन होतं ते थोरल्या जाऊबाईंचं. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करून उजवी बसली. कापड तिने आदल्या दिवशीच धुऊन वाळवलं होतं. होजिअरी शिवल्यावर आटली की केलेलं सगळं पाण्यात. पहिल्याच शिवणीत टाके सुटले. मग तिने गोल टोकाची सुई लावली. टोकदार सुई असल्या कापडाचे फासे तोडते, गोल टोकाची फाशांमधून वाट काढते. टाका नागमोडी ठेवला, म्हणजे कापड ताणलं तरी दोरा तुटायचा नाही.

उजवी बाही दोन मिनिटांत लागली. डावी काही केल्या बसेना. लावली, उसवली, पुन्हा लावली. बघते तर पुढची बाजू मागे गेलेली! हातांना एकच बाही माहीत होती. त्यांनी डावीसुद्धा उजवीच समजून लावली होती.

"अकरा वर्षं कारखान्यात जातेस ना गं?" जाऊबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "की गेटाबाहेर बसून परत येतेस?"

"हसा तुम्ही. एक बाही शिकवली मला त्यांनी, एक! दुसरा हात आहे हेसुद्धा विसरायला लावलं."

"मग त्या सुईवर का राग काढतेस? माझी सुई आहे ती."

दुपारी टॉप अंगात घालून ती आरशासमोर उभी राहिली. गळ्याची पट्टी तिने गळ्याहून आखूड कापून, ताणत लावली होती, त्यामुळे गळा छान चपटा बसला होता. पण गळ्यापासून उजव्या काखेपर्यंत एक तिरकी चुणी पडत होती. खाली ओढली की जायची, सोडली की परत हजर.

"उलटा घाल, शिवण बाहेर," जाऊबाईंनी विळी बाजूला सारली आणि हात धुऊन तोंडात टाचण्या धरल्या. उलट्या टॉपवर त्या बोटांनी खांदा चाचपू लागल्या. "इथे कापड उरतंय बघ. चिमटीत येतंय."

उजव्या खांद्याची शिवण बाहीकडच्या टोकाला दीड सेंटीमीटर खाली घेतली, बाही उसवून पुन्हा बसवली. कापड ताणतं म्हणून बाही बसते तो मुंढा कापावा लागला नाही, शिवणीआत उरलेलं कापड, माया, तीही न कापता तशीच ठेवली. चुणी गेली. जाऊबाईंनी तिला गोल फिरवलं. "अगं, अंगावरच विणल्यासारखा दिसतोय!"

उजवी आरशापुढून हलेना. स्वतःच्या हातचा सबंध कपडा, आणि तोही असा.

सोमवारी सकाळी भोंग्याआधी मास्तरांनी टॉप उलटून पालटून पाहिला. "टाका बरा आहे. गळा तर फारच बरा आहे." मग त्यांनी तो मापाच्या पुतळ्यावर चढवला.

टॉप वाकडा झाला. उजवीकडे खालचा घेर वर चढला, गळा उजवीकडे ओढला गेला.

काट्याने घड्याळातून डोकं वर काढलं ते हसायलाच. "अकरा वर्षांत सरळ शिवायला नाही शिकल्या? द्या मास्तर ते परत. चला बाई, बाह्या वाट बघतायत."

उजवी पुतळ्याकडे बघत राहिली. गुळगुळीत, दोन्ही खांदे एका पातळीत. हा कधी टोपलीकडे झुकला नव्हता. आपण कुठे चुकलो ते तिला कळलं, आणि ती आपली चूक नाही हेही त्याच क्षणी कळलं.

तिने पुतळ्यावरचा टॉप खसकन ओढला आणि अंगातल्या कपड्यांवरच चढवला.

"बघा आता. वाकडा आहे?"

नव्हता.

"डावे, इकडे ये. घाल हा."

"अगं, भोंगा होईल..."

"घाल म्हणते ना!"

डावीवरही टॉप सरळ बसला. मग कॉलरवाली आली, मग बारीक अंगाची काजवाली. तिला तो सैल झाला, पण सरळच. मास्तर लाकडी पट्टी घेऊन आले आणि जमिनीपासून एकेकीचे खांदे मोजू लागले. उजवा खांदा दीड सेंटीमीटर खाली. दीड. दोन. काजवालीचा पावणेदोन.

"वय झालं की होतं असं," काटा म्हणाला.

"हो का? मावशी, या हो जरा."

मावशी पन्नाशीच्या, सगळ्यांत मोठ्या. कामाला लागून त्यांना तीन महिने झाले होते. त्यांनी टॉप घातला. तो वाकडा बसला, पुतळ्यावर बसला होता अगदी तसाच.

"अगं बाई, माझं काय चुकलं?" मावशी घाबरल्या.

"तुमचं काही नाही, मावशी. तुम्ही नव्या आहात." उजवी म्हणाली. "आम्ही जुन्या झालो."

भोंगा झाला. कुणी हललं नाही.

मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. "गिऱ्हाईक पुतळ्याच्या मापाचंच घेतं. माया आत आहे, खांदा सरळ करून दे. जागा तुझी."

तिने उसवणी हातात घेतली. अर्ध्या तासाचं काम, आणि पलीकडे नमुना-खोलीतली ती खिडकी. मग तिने उसवणी टेबलावर ठेवली.

"आधी स्टूल. टोपलीखाली."

"आता तुम्हाला स्टूल कशाला?" काटा भडकला. "तुम्ही तर चालल्या इथून!"

"मावशी आहेत ना! त्यांचा खांदा अजून सरळ आहे."

"ऐकायचं नसेल तर जागा दुसरीला जाईल," काट्याने धमकावलं.

"जाऊ दे. तिचाही खांदा मोजा मग."

मास्तरांनी पायाने स्वतःचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "घे, माझं ने."

"तुमचं नको, मास्तर. कारखान्याचं हवं."

ओळीतली बावीस मशिनं बंद होती. काट्याने घड्याळ पाहिलं, ओळीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. सात मिनिटं गेली होती, आणि प्रत्येक मिनिटाचा जाब त्यालाच द्यायचा होता. शेवटी तो पाय आपटत कोठीत गेला आणि एक पाय तोकडा असलेलं स्टूल घेऊन आला.

उजवीने तोकड्या पायाखाली चिंध्यांची घडी सरकवली, स्टूल हलवून पाहिलं, मावशींची टोपली वर ठेवली. मावशींनी हात लांब केला. झुकावं लागलं नाही. वाटही अडली नाही.

मग तिने खांदा उसवला, सरळ केला. टॉप पुतळ्यावर चोख बसला आणि मास्तरांनी मान डोलावली.

"झालं समाधान?" काट्याने विचारलं.

उजवीने दाताने दोरा तोडला.

"एकवीस राहिली," ती म्हणाली.