एक इंच कमी

टेप कमरेला लावला की ती पोट आत ओढून श्वास धरायची. "आता घ्या माप, काकू. आन एक इंच कमीच धरा. मी बसवतो त्यात."

"सोड वं बाई श्वास, मरशील!" मी ओरडायची.

आर्णीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. अशी एखादी पोरगी तुमच्याही गल्लीत असेल, नीट बघा. हिला पाहायला आलेल्यांनी पोहे चापले आणि निरोप धाडला, पोरगी पसंत आहे, पण लग्नापर्यंत जरा कमी करा. जसं काही पडद्याचं कापड, जास्त झालं तर कापा!

तेव्हापासून काही खायला दिलं की तिचं एकच, "जेवूनच आलो ना, काकू." एकदा मी बळंच आलुबोंडा खायला लावला. तिनं खाल्ला, हसली, आणि मागच्या मोरीत जाऊन घशात बोटं घालून ओकून आली. डोळे पुसत म्हणाली, "आईले नका सांगू."

मी नाही सांगितलं. उलट दर खेपेला म्हणत गेले, "वा, मस्त कमी झाली वं!" आणि शिवण आत घेत गेले. आता लाज वाटते मला.

लग्न झालं. वर्षही उलटलं नाही तोच माहेरी आली ती दुकानात उभी. गालफडं बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. या वेळी माप घेताना तिनं छाती फुगवली.

"दोन इंच जास्त धरा, काकू. आतून कापूस लावा. सासू म्हणते, वाळलं लाकूड आणलं घरात."

"अगं, कापूस कायले? भाकर खा ना!"

"जात नाही आता. गिळलं का वापस येते."

मेल्यांना तेव्हा जाड होती, आता लाकूड! मी तिच्या सासरच्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. दवाखान्यात चल, एवढं मात्र म्हटलं नाही. कापूस लावून ब्लाउज शिवून ठेवला.

ती न्यायला आलीच नाही. पंधरा दिवसांनी तिची मावशी धावत आली.

"सासरी अंगणात पडली, ते उठलीच नाही. माहेरची साडी नेसवाची हाय तिले. ब्लाउज दे लवकर, गाडी उभी हाय."

मी अस्तर उसवलं. सगळा कापूस उपसून काढला. दोन्ही बाजू आत घेतल्या. तिच्या खऱ्या मापाचा ब्लाउज मी त्या दिवशी पहिल्यांदा शिवला.