राजाच्या गाडीला पाजलेलं तेल

राजाची गाडी आमच्या गावात आली ती दोन बैलजोड्यांच्या मागे. बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनच्या मालधक्क्यावर तिला उतरवलं, पण इंजिन काही केल्या सुरू होईना. मग जसोंडीहून आमच्या शेतावरचे बैल आणले आणि तिला दोरांनी बांधून ओढत नेलं. पुढे बैल, मध्ये ती लांबलचक निळी मोटारगाडी, आणि तिच्यामागे वहाणा हातात घेऊन चालणारे माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. वहाणा हातात कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "मंदिरात कोणी वहाणा घालून जाते का?" मी तेव्हा वीस वर्षांची होते, मॅट्रिक पास झालेली, आणि असल्या भक्तीचा मला फार राग यायचा.

ते संस्थानं विलीन होण्याचे दिवस होते. राजेलोकांचे तनखे ठरत होते आणि त्यांच्या हत्तीखान्यापासून मोटारखान्यापर्यंत नको झालेलं सगळं विकायला निघालं होतं. आमचं बऱ्हाणपूर काही कुठल्या संस्थानात नव्हतं, पण विकायला काढलेला माल सगळीकडे फिरतो. दादा कापसाचे दलाल. तरुणपणी एका सौद्यासाठी ते एका राजाच्या गावी गेले होते. तिथे रस्त्याच्या कडेला उभे असताना ही गाडी त्यांच्यासमोरून गेली. फक्त दोन माणसांची गाडी, एका रांगेत आठ सिलिंडर, विलायतेत हातांनी घडवलेली. तशा गाड्या साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे त्यांना पुढे कोणीतरी सांगितलं. पण दादांना आकड्यांचं कौतुक नव्हतं, आवाजाचं होतं. "तसा आवाज म्या पुन्हा आयकलाच नई," असं ते आम्हाला जेवताना सांगायचे, आणि माय त्यांच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकायची.

तो आवाज पुन्हा ऐकायचा, एवढ्यासाठी त्यांनी जसोंडीची अर्धी केळीची बाग दिली आणि गाडी घेतली. माय तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "दोघांले बसाले जागा हाये ना तिच्यात? मग मले एकडाव जसोंडीपर्यंत फिरवा. नईतर मी समजन बाग पाण्यात गेली." दादांनी होकार दिला. त्या दिवसापासून आमच्या घरात हे एकच काम उरलं होतं. गाडी सुरू करायची, मायला शेजारी बसवायचं आणि जसोंडीला जाऊन यायचं.

गाडी लोधीपुऱ्यात आमच्या घरापर्यंत येणं शक्यच नव्हतं. गल्लीच्या तोंडावरच्या फरशीला तिचं पोट घासलं आणि दादांनी असा चेहरा केला की जणू त्यांचंच पोट घासलं. मग शनवारा दरवाजाबाहेर कापसाचं एक रिकामं गोदाम होतं, तिथे तिला ठेवलं. बिघाड एकच होता. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो तडकला होता. तो सोडला तर बाकी गाडी ठणठणीत होती. मी इंग्रजीत पत्रं लिहिली. पहिलं पत्र कारखान्याला, ते शिक्के खाऊन परत आलं. लढाईनंतर कारखानाच बंद पडला होता. दुसरं कलकत्त्याला, तिसरं मुंबईला. उत्तरं यायची ती फार सभ्य असायची. आपण भाग्यवान आहात असं सगळे लिहायचे, आणि मॅग्नेटो कोणाकडेच नसायचा.

माणसंही यायला लागली. रविवार उजाडला की कोणीतरी हजर. भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक इंजिनियर यायचे, त्यांना सगळे साहेब म्हणत. ते बॉनेट उघडून इंजिनाकडे तासन्‌तास बघत बसायचे, मधूनच "वा" म्हणायचे. कोणी चाकाच्या तारा मोजायचं, कोणी चामड्याच्या सीटचा वास घ्यायचं. मुंबईचे एक शेठ तर नुसतं तिला बघायला मेलगाडीने आले, आणि तिच्यासमोर उभं राहून त्यांनी टोपी काढली. प्रत्येक जण दादांचा हात हातात घेऊन सांगायचा की तुम्ही काय चीज सांभाळताय ते तुम्हाला ठाऊक नाही. मग घरी मावा जिलेबी खाऊन स्टेशनकडे रवाना व्हायचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हे लोक जवळून बघत होते, तरी त्यांना डोंगर साजराच दिसत होता, कारण चढायचा दादांना होता. मी जिलेबीच्या बशा भरायचे आणि मनात म्हणायचे, कौतुकाने इंजिन सुरू होत असतं तर ही गाडी एव्हाना विलायतेला पोचली असती.

तरी खोटं कशाला बोलू, दर गुरुवारची मलाही ओढ असायची. इंजिन आखडू नये म्हणून दादा गुरुवारी गोदामात जाऊन हँडल फिरवायचे. मोजून सात फेरे. मी बरोबर जायचे, कारण त्यांना दमा होता आणि शेवटचे दोन फेरे मला फिरवावे लागत. इंजिन आत कुठेतरी श्वास घेतल्यासारखं करायचं, मऊ, भरदार. दादा कान लावून उभे राहायचे. "आयकलं? जिती हाये ती," म्हणायचे. त्या वेळी मला त्यांचा राग येत नसे. त्या गोदामात मी जितकी सुखात होते तितकी नंतर क्वचितच कुठे होते.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुंबईच्या शेठचं पत्र आलं. दुसऱ्या एका संस्थानच्या मोटारखान्यात तसल्याच मोडक्या गाडीचा मॅग्नेटो त्यांना सापडला होता. दसऱ्याला मी स्वतः घेऊन येतो, असं त्यांनी लिहिलं होतं. दादांनी ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. आणि त्याच आठवड्यात त्यांचा दमा असा उसळला की त्यांना खंडव्याच्या दवाखान्यात हलवायची वेळ आली. बरोबर मी जाणार होते. निघायच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "बेटा, पाऊस लागला का लोखंडाले जंग चढते. प्लग काहाडून ठेवले हायेत. आठी भोकांत तेल सोडजो अन् हँडल फिरवजो. डबा तिथंच हाये."

डबा तिथंच होता. पण त्यात तळाशी चार बोटं काळं, जळकट वासाचं तेल होतं. ते आठ सिलिंडरना काय पुरणार? आणि राजाच्या गाडीला असलं घाण तेल कशाला, असं मला वाटलं. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गाड्यांची चाकं, जू, नांगर, सगळ्याला जवसाचं तेल पाजायची रीत आहे. लाकूड कुजत नाही, लोखंडाला गंज धरत नाही. आमच्या बैलगाड्या त्यावरच पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या होत्या. मी तेलघाण्यावरून ताजं जवसाचं तेल आणलं. मायला विचारलं, तीही म्हणाली, "त्याच्यावून चांगलं कोन्तं?" बैलाला औषध पाजायच्या बांबूच्या नळीने मी एकेका भोकात ते सोडलं, हातचं न राखता. सात फेरे एकटीने फिरवले. धूळ जाऊ नये म्हणून भोकांत सरकी काढलेल्या कापसाचे बोळे बसवले. घरी येताना मला वाटलं, दादांनी सांगितलं त्याहून मी जास्तच केलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. जवसाचं तेल हवेवर सुकतं आणि त्याची साल धरते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. चाकांवर दर वर्षी मीच बघत होते. म्हणूनच तर ते लावतात. पण चाकाच्या बाहेर जे राखण करतं ते इंजिनाच्या आत गळा धरतं, एवढा विचार मॅट्रिक झालेल्या डोक्यात आला नाही.

साडेतीन महिने आम्ही खंडव्याला काढले. डॉक्टर फारसं काही बोलत नसत. दादा उशाशी शेठचं पत्र ठेवून झोपायचे. मी तेल घातल्याचं त्यांना सांगितलं होतं, कोणतं ते सांगितलं नव्हतं. मनात एक होतं, ते बरे झाले की कौतुकाने सांगू.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही परतलो आणि दुसऱ्या दिवशी दादांना टांग्यातून गोदामात नेलं. ते हाडांचा सापळा झाले होते, पण कोट घातला होता. माय नवं लुगडं नेसून आली होती, कारण आज जसोंडीला जायचं होतं. झेंडूच्या माळा गाडीला घातल्या, हळदकुंकू वाहिलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. शेठ आले, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला मॅग्नेटो घेऊन. भुसावळचे साहेब आले, आणखी पाचसात रविवारची मंडळी आली. साहेबांनी मॅग्नेटो बसवला. मग हँडल धरलं आणि जोर केला. हँडल जागचं हललं नाही. दुसऱ्याने जोर केला, मग दोघांनी मिळून केला.

साहेबांनी वाकून एक बोळा ओढला. तो निघेना. पकडीने उपटला तर लाकडाच्या खुंटीसारखा कडक. त्यांनी तो नाकाशी नेला, भोकात तार घालून खरवडलं, आणि तारेला लागलेली पिवळी साल बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवली. "यात जवस कोणी ओतलं?" त्यांनी विचारलं.

मी दोन पावलं पुढे आले होते. तोंडही उघडलं होतं. दादा टांग्याच्या दांडीला धरून उभे होते, त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या क्षणी त्यांना कळलं, हे मला दिसलं.

"मी," ते म्हणाले. "म्याच वतलं. आमच्याकडे गाड्यांले घालतात."

मग एक जण हसला. शेठ फार सज्जन माणूस, पण त्यांचा चेहरा असा झाला की जणू दादांनी कोणाचा खून केला होता. "अशी गाडी अशा माणसाच्या हाती जावी," ते साहेबांना म्हणाले, हळू, पण ऐकू येईल इतक्या आवाजात. इंजिन उघडता येईल का, असं कोणीतरी विचारलं, तर साहेब म्हणाले, त्याचं डोकं आणि धड एकाच ओतीव तुकड्यातलं आहे, इथून मुंबईपर्यंत त्याला हात लावणारा कोणी नाही. त्यांनी रॉकेल ओतून पाहिलं, तरी साल सुटली नाही. मग शेठनी मॅग्नेटो पुन्हा सोडवून घेतला. दुसरीकडे एका गाडीला लागेल, म्हणाले. ज्या माणसांनी दादांचा हात हातात घेतला होता, त्यांतल्या एकानेही जाताना त्यांचा निरोप घेतला नाही. घरी जिलेबी तशीच पडून राहिली.

माय गाडीकडे बघत होती. तिला जवस कोणी आणलं होतं ते ठाऊक होतं, आणि तिनेच हो म्हटलं होतं. तिने माळा उतरवल्या, लिंबू उचललं, आणि टांग्यात जाऊन बसली. जसोंडीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

घरी आल्यावर मी दादांच्या पायाशी बसले. मला रडायलाही येईना. म्हटलं, "दादा, मी उद्या साहेबांना पत्र लिहिते, खरं काय ते सांगते." ते म्हणाले, "कायले? मूर्ख म्हनून गेले ते. मी म्हातारा मूर्ख, मले कितीक दिवस काहाडायचे हायेत? तुले सारी उमर काहाडायची हाये. तुह्या नावावर हे नको." मग बराच दम घेऊन म्हणाले, "तेल चांगलंच वतलं तू. महाग तेल." मला तेव्हा त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरही ते दर गुरुवारी गोदामात जात राहिले. हँडलला हात लावायचे आणि परत यायचे. मला बरोबर नेत नसत. होळीच्या आधी ते गेले. आवाज त्यांनी पुन्हा ऐकला नाही.

गाडी दोनतीन हातांतून फिरत कुठेतरी लांब गेली. मी लग्न होऊन इथेच गावात राहिले, शाळेत शिकवलं, म्हातारी झाले. मग एकदा कॉलेजात जाणारा माझा नातू एक गुळगुळीत कागदाचं मासिक घेऊन आला. त्यात तीच निळी गाडी होती, आरशासारखी चकचकीत. खाली इंग्रजीत तिचा इतिहास होता. राजाचं नाव होतं, कारागिरांचं कौतुक होतं, आणि शेवटी एक ओळ होती की मूळ इंजिन तिच्या बऱ्हाणपूरच्या मालकाने अडाणीपणामुळे जवसाचं तेल ओतून कायमचं निकामी केलं, सध्याचं इंजिन दुसरं आहे. दादांबद्दल साऱ्या जगात छापलेली तेवढी एकच ओळ आहे.

नातू हसत होता. "आजी, तुझ्या दादांनी तर हद कर दी. अशा गाडीत कोणी अलसीचं तेल टाकते का, यार?"

मी म्हटलं, "त्यांनी नाही टाकलं. मी टाकलं."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हो हो, मालूम आहे," म्हणाला. "आपल्या बापाची बाजू तर सगळेच घेतात." मी पुन्हा सांगितलं, बांबूच्या नळीचं, कापसाच्या बोळ्यांचं, सगळं. तो ऐकत राहिला, मान डोलावत, आणि माझं बोलून झाल्यावर त्याने मासिक मिटून कपाटावर ठेवलं. त्याचा विश्वास बसला नव्हता.