जाळ्याचा वाटा

वडील वारले. त्यांचे दिवस झाले. त्यानंतर त्यांचं जाळं कुणी उचललं नाही.

हे शेवटचं वाक्य आमच्या वस्तीबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. माजलगावच्या धरणाच्या काठाला आम्हा भोयांची वस्ती आहे. थर्माकोलच्या तराफ्यावर दोघं बसतात. एक वल्हं मारतो, दुसरा जाळं सोडतो. आलेल्या मासळीचे तीन वाटे पडतात. दोघांचे दोन आणि तिसरा जाळ्याचा. जाळं ज्याचं, त्याच्या घरी तो तिसरा वाटा जातो. मालक आजारी असला तरी, आणि तो गेला तरी. नवरा गेलेल्या बाईचं घर त्या वाट्यावर चालतं. दिवस झाले की जोडीदारानं गेलेल्या माणसाचं जाळं खुंटीवरून काढायचं, पाण्यात टाकायचं आणि पहिली मासळी तिच्या पदरात आणून घालायची, अशी रीत आहे.

वडिलांचे जोडीदार म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, माझे काका. आई रोज पहाटे उंबऱ्यात बसायची. काका दुसऱ्याच कुणाचं जाळं घेऊन पाण्याकडे जायचे.

वडिलांना एचआयव्ही होता हे तोवर वस्तीला कळलं होतं. धरण आटायचं त्या उन्हाळ्यांत ते लांबच्या जलाशयांवर परक्यांची जाळी ओढायला जात. तिथून कधीतरी तो आजार त्यांच्यासोबत घरी आला. आईनं त्यांना काही विचारलं असेल तर ते माझ्यासमोर नाही. गोळ्यांसाठी बीडला जायचं म्हणजे कामाचा खाडा, म्हणून ते जाणं पुढं ढकलत राहिले. आईलाही लागण झाली होती, पण ती नेमानं गोळ्या घ्यायची. माझ्या रक्तात काही निघालं नाही.

शेवटी एकदा काका आले. आत आले नाहीत. पाणी किती उतरलं, मरळ आता मिळेनाशी झाली, असं बराच वेळ बोलत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात आईपुढे उघडे धरले.

"वैनी, बोटं बघा माझी. दोऱ्यानं रोज कापत्यात. दादाची बी कापायची. त्याचं रगत गाठीगाठीत मुरलं असंल. मला लेकरं हायेत, वैनी."

मी तेव्हा दहावीत होते. विज्ञानाचं पुस्तक आणून मी त्यांना वाचून दाखवलं: हा विषाणू शरीराबाहेर टिकत नाही, वस्तूंतून पसरत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं. पोरगी वाचती चांगलं, असं आईला म्हणाले. निघताना पाठमोरे असतानाच पुटपुटले, की उकळून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आईनं तेवढंच धरलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसावं म्हणून तिनं दारापुढे तीन दगड मांडले आणि लग्नाकार्यातलं मोठं पातेलं मागून आणायला गेली. ते कुणी दिलं नाही. मग आमचा आंघोळीच्या पाण्याचा हंडा ठेवला. मी खाली जाळाला कापसाच्या पऱ्हाट्या सारत होते. वस्ती गोळा झाली. शेजारची, नात्यानं आईची जाऊ लागणारी एक बाई म्हणाली, "आता ह्या जाळ्यात मासा शिजूनच निघंल, आपली चूल वाचली." लोक हसले. आईही थोडं हसली. तिला वाटलं, हसतायत म्हणजे जवळ येतायत. पाणी खळखळलं तशी ती काठीनं जाळं आत दाबत राहिली. कुणाला शंका राहायला नको म्हणून हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तिनं ते उकळलं.

बाहेर काढलं तेव्हा नायलॉन आखडला होता. विणीतली घरं मिटली होती. हंड्याच्या तापल्या काठाला लागलेला भाग वितळून एकमेकांत चिकटला होता. आई बोटं घालून एकेक घर उघडून बघू लागली. गर्दीतून काका पुढे आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी जाळं हातात घेतलं. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. दोघं मिळून ते ताणू लागले.

"वैनी," काका हळू म्हणाले, "ह्यात आता मासा न्हाई घावायचा."

आई म्हणाली, "पर आता सोच्छ हाय न्हवं?"

काकांनी मान डोलावली.

त्यानंतर आई कापूस वेचायला दिंद्रुडकडे जाऊ लागली. आजाराचं कळलं की तिथूनही तिला कामावरून काढायचे. मग दुसरं शिवार. काका अधूनमधून आमच्या ओट्यावर एखादी चिलापी ठेवून जायचे. आई ती शिजवायची आणि मला वाढायची. उपाशीपोटी गोळ्या तिला सोसेनात, त्या सुटत गेल्या. मी शिकले, नोकरीला लागले, तोवर तिच्यात काही उरलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात ती गेली.

मी माजलगावात खोली करून राहते. वस्तीतलं घर बंद आहे. उकळलेल्या जाळ्याची शिशाची वजनं नव्या जाळ्याला लागतील म्हणून आईनं सोडवून एका डब्यात ठेवली होती. तो डबा माझ्याकडे आहे.