वासराने खाल्लेला प्रोग्राम

कॉम्प्युटरच्या अगदी पोटातला प्रोग्राम मी शिकले ती तापीकाठच्या आमच्या गावी. तेव्हा आमच्या घरात विजेचा दिवासुद्धा नव्हता. हे ऐकलं की लोकांना थाप वाटते, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचं घर केळी-कापसाचं. वाडवडील कधी काळी गुजरातेतून येऊन नदीकाठी स्थायिक झालेले. आमच्यात मुलींना लिहिता-वाचता आलं की पुरे, असा रिवाज होता. पण मला गणिताचं वेड होतं आणि माझ्या वडिलांना, बापूंना, माझं. त्यांनी मला मावशीकडे ठेवून नंदुरबारच्या शाळेत घातलं, मग धुळ्याच्या कॉलेजात, आणि गाव नावं ठेवत असताना थेट मुंबईला. एम.एस्सी. झाल्यावर तिथल्याच एका संशोधन संस्थेत मला नोकरी लागली. साठचं दशक निम्मं सरलं होतं. संस्थेत परदेशातून आणलेला मोठा कॉम्प्युटर होता. एक अख्खं दालन त्याचंच. आत इतकी थंडी की आम्ही मुली मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो.

शास्त्रज्ञांची समीकरणं प्रोग्रामच्या भाषेत उतरवायची, जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून तो प्रोग्राम टिपायचा आणि कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, हे माझं काम. एकदा माझ्या प्रोग्राममध्ये चूक राहिली. मला वाटलं, आता यंत्र बंद पडणार आणि सगळे मला बोलणार. पण यंत्र थांबलंच नाही. माझी चूक कागदावर छापून, माझी उरलेली कार्डं सोडून देऊन, त्याने पुढच्या माणसाचं काम सुरू केलं.

मी ऑपरेटरला विचारलं, "हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? मॉनिटरने."

मॉनिटर म्हणजे यंत्रात सगळ्यांच्या आधी चढवलेला प्रोग्राम. कुणाचं काम कधी घ्यायचं, माहिती साठवायची कुठली टेप कुणाला द्यायची, एखादा चुकला तर त्याला बाहेर कसं काढायचं, हे सगळं तो बघायचा. आज त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. त्या दिवसापासून मला समीकरणांत रस वाटेना. माझ्यासारख्या चुकलेल्या माणसाला शांतपणे बाजूला करून पुढे जाणारा तो प्रोग्राम कसा लिहिला असेल, एवढंच डोक्यात राहिलं.

मॉनिटरची निगा राखणारा गट वेगळा होता. सगळे पुरुष. त्यांच्या प्रमुखांना आम्ही साहेब म्हणायचो. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"साहेब, मला तुमच्या गटात यायचंय."

"यंत्राची भाषा येते?"

"नाही. शिकेन."

"सगळेच असं म्हणतात. सूत्रं लिहिणं वेगळं आणि हे वेगळं, बाई. इथे एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर पन्नास जणांचं काम बसतं." ते रागावले नव्हते, खरं तेच सांगत होते. मग म्हणाले, "दिवाळीच्या आधी एक जागा निघेल. मॉनिटरचा कुठलाही भाग मी विचारीन. फळ्यावर उलगडून दाखवता आला, तर या."

मी अभ्यासाला सुरुवात केली आणि पंधरवड्याच्या आत भाऊ गावाहून येऊन दारात उभा राहिला. केळीच्या बागेत पाटावरून उडी मारताना माय घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालून पावसाळा संपेपर्यंत उठायचं नाही असं बजावलं होतं. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात बाईमाणूस कुणी नव्हतं.

मी बिनपगारी रजा मागितली. ती मिळाली. मग साहेबांकडे गेले. वाटलं होतं, ते म्हणतील, झालं तर मग. मी म्हणाले, "मॉनिटरची छापील प्रत मला गावी न्यायची आहे."

"तिथे यंत्र कुठाय?"

"नाही. पण डोकं आहे."

साहेबांनी कपाटातून एक जुनी प्रत काढली. सलग घड्या घातलेल्या कागदाचा, उशीएवढा जाड गठ्ठा. वर यंत्राच्या आज्ञांची पुस्तिका ठेवली. सुरतेला गाडी बदलून आम्ही तापी खोऱ्याच्या लायनीला लागलो. नवापूर मागे पडेपर्यंत तो गठ्ठा भावाच्या मांडीवर होता. शेवटी तो म्हणाला, "मायसाठी एवढं जड काय आणलंस?" मी सांगितलं. त्याने गठ्ठा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

घरी सकाळ स्वयंपाकात, मायला पुसण्यात, गड्यांच्या भाकरीत जायची. दुपारी हात मोकळे झाले की मी ओसरीत मायच्या खाटेशेजारी गठ्ठा उघडायची.

"काय वाची ऱ्हायनी एवढं?" मायने पहिल्याच दिवशी विचारलं.

"यंत्रनं काम, माय."

"यंत्र कोठे शे?"

"मुंबईले."

"यंत्र मुंबईले आन तू आठे! मंग कसं व्हई?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. यंत्र हाताशी नसेल तर त्याच्या जागी स्वतः उभं राहणं हा एकच मार्ग होता. मी ओसरीच्या मागच्या भिंतीवर कोळशाने चौकटी आखल्या. प्रत्येक चौकट म्हणजे यंत्राच्या स्मृतीतला एक खण, आणि प्रत्येक खणाला त्याचा क्रमांक. ते यंत्र आठाच्या पायावर मोजायचं. त्यात सातानंतर दहा येतात. आठ आणि नऊ हे आकडे त्याला ठाऊकच नव्हते. पहिले काही दिवस मी भाकरीसुद्धा तशाच मोजत होते. एक आज्ञा वाचायची, ती सांगेल तो आकडा त्या खणात लिहायचा, जुना पुसायचा, पुढची आज्ञा वाचायची. यंत्र जे डोळ्याची पापणी लवायच्या आत करायचं, त्याला मला अख्खी दुपार लागायची.

आषाढ असाच गेला आणि मी एका ठिकाणी अडकले ती अडकलेच. मॉनिटरमध्ये छोट्या छोट्या तुकड्यांनी काम वाटलेलं होतं. मधूनच एखाद्या तुकड्याकडे जायचं, त्याचं काम करून घ्यायचं आणि होतो तिथे परत यायचं. पण परत येण्याची जी आज्ञा तुकड्याच्या पहिल्याच खणात होती, तिच्यात कुठे जायचं तो क्रमांकच नव्हता. शून्य छापलेलं. मला वाटलं, छपाईची चूक. पण दुसऱ्या तुकड्यातही शून्य. तिसऱ्यातही. हा प्रोग्राम चालूच शकत नाही, असं मी स्वतःला सिद्ध करून दाखवलं. आणि तो तर मुंबईत रोज चालत होता.

त्यातच फुई, म्हणजे बापूंची बहीण, स्थळ घेऊन आली. भिंतीवरचा कोळसा बघून तिने डोक्याला हात लावला. "हाई कागदस्नं गाठोडं बांधी ठेव. पाव्हना येवावाला शेतस."

बापू बाहेर केळीचा घड उतरवत होते. तिथूनच म्हणाले, "तिनं काम व्हऊ दे. पाव्हना काय पळी जातस का?"

पाहुणे पळून गेले नाहीत, पण त्या वर्षी आलेही नाहीत. फुई रुसून गेली. मला फार वाईट वाटलं, कारण लहानपणी तिनेच मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तरी मी भिंत पुसली नाही.

शून्याचं कोडं सुटलं ते मी हुशारी सोडली तेव्हा. इतके दिवस मी आज्ञा वाचून, यंत्र आता काय करेल याचा अंदाज बांधत होते. एका दुपारी ठरवलं, अंदाज बंद. पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेखाली जे लिहिलंय तेवढंच करायचं, शब्दाला शब्द. तुकड्याकडे जाण्याच्या आज्ञेखाली एक ओळ होती. ती मी कितीदा तरी वाचली असेल. जाता जाता यंत्र, परत कुठे यायचं तो क्रमांक त्या तुकड्याच्या पहिल्या खणात लिहून ठेवतं. मी तो आकडा भिंतीवर लिहिला. शून्य पुसलं गेलं. त्याच्या जागी घरी परतायचा पत्ता आला. म्हणजे ती जागा चुकून रिकामी राहिलेली नव्हती. येणारा आपला पत्ता तिथे लिहील, म्हणून ती मोकळी ठेवलेली होती. प्रोग्राम चालता चालता स्वतःलाच बदलत होता.

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की माय दचकली. "काय व्हयनं वो?"

"सापडनं, माय, सापडनं!"

"मंग च्या मांड," माय म्हणाली.

त्यानंतर वाचन भराभर सरकलं. पोळ्यापर्यंत मी गठ्ठ्याच्या मध्यावर आले होते. माझ्या जिव्हाळ्याचा भाग तिथेच होता. चुकलेल्याला बाहेर काढून पुढच्याचं काम सुरू करणारा. तो मी वरवर वाचून ठेवला होता, सणानंतर भिंतीवर चालवून बघायचा म्हणून. पोळ्याच्या दिवशी घरादारात बैलांची धांदल. शिंगं रंगवायची, झुली घालायच्या, पुरण शिजवायचं. त्या गडबडीत गोठ्यातलं वासरू सुटलं आणि ओसरीत आलं. मायने खाटेवरून आरडाओरडा केला, पण तिला उठता येत नव्हतं, आणि बाहेर ढोल वाजत होते. मी आले तेव्हा वासराच्या तोंडातून छापील कागदाची लांब पट्टी लोंबत होती. मी ती ओढली. हातात ओला चोथा आला.

गठ्ठा नेमका तिथेच उघडा ठेवलेला होता. पानं गेली ती त्याच भागाची.

मी ओसरीच्या पायरीवर बसून रडले. सण असूनही कुणी मला उठवलं नाही. बैल मिरवून आल्यावर बापू शेजारी येऊन बसले.

"सगळं गयं का?"

"नही. मधलं गयं."

"पुढलं शे, मागलं शे?"

"शे."

"मंग मधलं तू लिख."

त्यांना प्रोग्राम म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते मला उठवायला बोलले होते. पण त्या रात्री मला झोप लागली ती त्याच एका वाक्यावर. दुसऱ्या दिवशी मी उरलेली पानं नव्या डोळ्यांनी बघितली. आधीचा भाग कुठले आकडे कुठल्या खणात सोडून जातो? नंतरचा भाग कुठल्या खणात काय असेल असं धरून चालतो? या दोन काठांच्या मध्ये जे घडायला हवं, ते मला लिहायचं होतं. कार्डं वाचत जायचं, पुढच्या माणसाच्या कामाचं पहिलं कार्ड दिसेपर्यंतची सगळी सोडून द्यायची, टेपा मोकळ्या करायच्या, खण साफ करायचे, नवं काम सुरू करायचं. वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे तेव्हा कळलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा भिंतीवर चालवलं. तीनदा भिंतीवरच फसलं. चौथ्यांदा पलीकडच्या काठाला लागलं.

दसऱ्याला माय काठी टेकत अंगणापर्यंत गेली. वहिनी बाळ घेऊन परतली. मी मुंबईची गाडी धरली.

साहेबांपुढे अर्धवट गठ्ठा ठेवला आणि झालं ते सांगितलं. त्यांच्या गटातले दोघे खो खो हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पानं उलटून कुठला भाग गेलाय ते पाहिलं.

"मग मी हाच भाग विचारतो," ते म्हणाले.

मी फळ्यावर माझा भाग लिहिला. ते मधे मधे अडवून विचारत होते. हा आकडा इथे का? टेप फिरत असेल तर? मी उत्तरं देत गेले. लिहून झाल्यावर त्यांनी मूळ प्रत उघडून ताडून पाहिलं नाही. म्हणाले, "कार्डं पाडा. यंत्रावरच बघू."

मॉनिटरच्या एका जादा टेपवर माझा भाग बसवला. तीन कामं एकामागे एक लावली, मधलं मुद्दाम चुकीचं. पहिलं पार पडलं. दुसरं चुकलं, त्याची चूक छापली गेली, उरलेली कार्डं सुटली, तिसरं सुरू झालं. तिसरं संपलं, आणि यंत्र गप्प झालं. दिवे लागलेले, पण हालचाल नाही. ऑपरेटरने शेवटी बटण दाबून ते थांबवलं.

मी फळ्याकडे गेले आणि गावी भिंतीपुढे उभी राहायची तशी एकेक ओळ पुन्हा चालवली. चूक सापडली. पुढचं कार्ड येईपर्यंत वाचत राहा, असं मी लिहिलं होतं. पुढे कार्डच नसेल तर काय, हे लिहिलंच नव्हतं. यंत्र बिचारं रिकाम्या खाचेकडे कार्ड मागत बसलं होतं. मी दोन आज्ञा वाढवल्या. यावेळी तिसरं काम संपल्यावर यंत्राला जोडलेल्या टाइपरायटरवर अक्षरं उमटली, की कामं संपली, नवी कार्डं लावा.

साहेब म्हणाले, "मूळ भागापेक्षा तुमचा लांब झालाय. पण चालतो." मग म्हणाले, "सोमवारपासून इकडे बसा."

गटातल्या एकाने विचारलं, संध्याकाळच्या पाळीचं काय करणार? तेव्हा बायकांना ती पाळी देत नसत. मी म्हणाले, मी सगळ्यांच्या आधी पहाटे येईन, यंत्राची झाडलोट आणि तपासणी माझ्याकडे द्या. ती दिली. सकाळी मॉनिटर चढवून यंत्र चालू करायचं काम पुढे कित्येक वर्षं माझ्याकडेच राहिलं. त्यातूनच मी खरं शिकले.

पुढच्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला गावी जाता आलं नाही. आमच्या खानदेशात त्या सणाला लेकीबाळी घरी येतात, झोके बांधतात. पण मॉनिटरची नवी आवृत्ती नेमकी तेव्हाच आली होती आणि ती बसवल्याशिवाय कुणाला हलता येत नव्हतं. आमची तिसरी की चौथी खेप फसत होती तेव्हा गावी माझ्या मैत्रिणी गाणी म्हणत असतील, हे मनात आलं. मी ते बाजूला ठेवून पुढची ओळ वाचली.

महिन्याभराने गेले. झोके कधीच सोडले होते. माय दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली होती, पुरण वाटून तयार होतं, आणि सण उलटून गेलेला असताना एकटीच बसून पुरणपोळ्यांसाठी चुलीवर खापर चढवत होती.